मेणावरचं पत्र

विलेमिनबाईंनी तो डबा शलाकाला दाखवला, त्या आधीची सहा वर्षं शलाका दर मंगळवारी त्यांच्याकडे कॉफीला जात होती. नेदरलँड्समध्ये नीउ-व्हेनेपला दोघींची घरं एकाच ओळीत, मध्ये एक घर सोडून. पुण्याला एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारी शलाका नवऱ्याच्या, अभिरामच्या नोकरीमुळे इकडे आली. डिपेंडंट व्हिसावर काम करायला परवानगी होती, पण डच येत नाही म्हणून काम मिळत नव्हतं. दोन वर्षं तिनं लेकीला, ऋताला शाळेत सोडणं आणि आणणं एवढंच केलं. मग विलेमिनबाईंनी तिला रस्त्यात थांबवून कॉफीला बोलावलं आणि डच शिकवायला घेतलं. त्यांची शिकवण्याची रीत सोपी होती. शलाकानं एखादा शब्द चुकीचा उच्चारला की त्या काही न बोलता तोच शब्द बरोबर उच्चारून पुढं जायच्या. त्या जोरावरच तिला आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. तिथं जुन्या टेप आणि तबकड्या डिजिटल करून देत.

बाई एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. तरुणपणी झेलंड प्रांतात टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. ‘नंबर द्या’ म्हणायचं, वायर जोडायची, बाजूला व्हायचं. पुढं एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि त्यांना घरी बसवलं. त्याबद्दल त्या कडवटपणे बोलत नसत. अलीकडे मात्र त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवाही हळूहळू चालला होता. त्या मार्चमध्ये कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या कानाचं ऐकणं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी कपाटातून तो डबा काढला.

पुठ्ठ्याचा गोल डबा, हातभर रुंदीच्या रुमालात गुंडाळलेला. आत कापसात बसवलेली मेणाची पोकळ नळी होती, चहाच्या पेल्याएवढी. काथाच्या रंगाची. शलाकानं असल्या नळ्या कामावर पाहिल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी फोनोग्राफ आले तेव्हा लोक कोऱ्या नळीवर स्वतःचाही आवाज भरत. दोन-अडीच मिनिटं मावायची.

हे कुठून आलं, असं तिनं विचारलं. मग बाईंनी सगळं सांगितलं. त्यांना ते त्यांच्या आजीनं, मारीनं सांगितलं होतं.

मारीचा थोरला भाऊ आड्रियान १८९१ साली झेलंडमधल्या गावातून बोटीनं अमेरिकेला गेला. मिशिगनमध्ये डच लोकांनी वसवलेल्या एका गावात खुर्च्यांच्या फॅक्टरीत लागला. आई पीटरनेला विधवा होती आणि तिला वाचता येत नव्हतं. दर दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं, गावच्या शाळेचे मास्तर ते वाचून दाखवायचे. आईला अक्षर कळत नसलं तरी लेकाचं अक्षर ओळखता यायचं. डावीकडे कललेलं, शेपटीदार. ती लिफाफा हातात घेऊन आधी तेच बघायची.

१८९७ साली पत्रं बदलली. मजकूर तसाच, खुशालीचा, पण अक्षर गेलं. सगळी अक्षरं सारखी, छापील, सरळ रेषेत. मास्तरांनी सांगितलं की अमेरिकेत आता टाइपरायटर नावाचं यंत्र निघालंय. पण मास्तरांनाही एक गोष्ट समजावता येईना. पत्राच्या खाली सही नव्हती. फुली होती.

“माझ्या मुलाला लिहिता येतं,” पीटरनेला म्हणाली. “तो फुली का मारील?”

तिचं मत झालं की मुलगा मेला आहे आणि तिकडचे लोक तिला वाईट वाटू नये म्हणून, किंवा आणखी कशासाठी, त्याच्या नावानं पत्रं धाडताहेत. तिनं मास्तरांकडून तसं लिहूनही घेतलं. तुम्ही कोण आहात, माझ्या मुलाचं काय झालं, खरं कळवा. उत्तरादाखल आणखी दोन छापील पत्रं आली, मी आड्रियानच आहे असं सांगणारी, खाली पुन्हा फुली. आणि १८९९च्या उन्हाळ्यात हा डबा आला. सोबत छापील चिठ्ठी होती, आई, हे यंत्रावर लावून ऐक.

गावात असलं यंत्र नव्हतं. मिडलबर्गच्या जत्रेत एकजण पैसे घेऊन लोकांच्या कानात नळ्या घालून गाणी ऐकवायचा, त्याच्याकडे जाऊ, असं मास्तर म्हणाले. पीटरनेला तयार झाली, काळा पोशाख घातला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“का?” शलाकानं विचारलं.

“आजी म्हणायची, त्यातून परक्याचा आवाज निघाला असता तर तिचं सगळंच संपलं असतं. न ऐकल्यामुळे थोडं तरी उरत होतं.”

१९०२ मध्ये पीटरनेला गेली. मारीनंही पत्रं धाडणाऱ्या त्या लोकांना कधी काही कळवलं नाही. तिला त्यांची भीती वाटायची. डबा चादरींच्या कपाटात राहिला, मारीकडून तिच्या मुलाकडे, मुलाकडून विलेमिनबाईंकडे. घरात आड्रियानचं मरणाचं साल १८९७ धरलं जाई.

“मला ऐकायचंय,” बाई म्हणाल्या. “परका निघाला तरी चालेल. पण ऐकू येतंय तोवर.”

शलाकानं डबा स्लोटरडाइकला नेला. तिचा वरिष्ठ हेंक हा साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोन बोटं नळीच्या आत घालून ती अलगद उचलली, दिव्यासमोर फिरवली आणि परत ठेवली. एका टोकापासून केसासारखी चीर आत आली होती. बुरशीचे पांढरे ठिपके होते. त्यानं स्पष्ट सांगितलं, चीर पडलेल्या नळीवर सुई टेकवायची नाही, हा नियम आहे. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत प्रकाशानं स्कॅन करून, हात न लावता, आवाज काढता येतो. तिथं दहा महिन्यांची रांग होती.

शलाकानं बाईंच्या कानाचं सांगितलं.

“आपलं काम आवाज वाचवायचं आहे,” हेंक म्हणाला. “ऐकवायचं नाही.”

तिनं डबा रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. परतीच्या गाडीत मात्र तिच्या डोक्यातून ते जाईना. हेंक चुकत नव्हता. सुई ओढली की मेण झिजतं, चीर वाढू शकते, आणि एकदा तुटलेली नळी कुणालाच काही सांगत नाही. तिनं स्वतः कामावरच्या नव्या मुलांना हेच शिकवलं होतं.

पण तिला तिच्या वडिलांची, गुरुनाथांची आठवण येत होती. तीन वर्षांपूर्वी ते नाशिकला अचानक गेले. त्यांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही म्हणून ते मेसेज लिहायचे, रोज सकाळी, लांबलचक, शुद्धलेखनासकट. ते सगळे मेसेज तिच्याकडे होते. आवाज एकही नव्हता. आयुष्यभर लोकांचे आवाज टिपून ठेवणाऱ्या शलाकानं बापासमोर एकदाही माइक धरला नव्हता. पुढं कधीतरी करू, असं वाटत राहिलं. ते मेसेज वाचताना आता त्यांचा आवाज मनात आणावा लागायचा, आणि हल्ली तो नीट येतोय की आपणच बनवतोय, याची तिला खात्री नसायची.

रात्रीच्या जेवणाला तिनं हे अभिरामला सांगितलं. तो म्हणाला, नळी फुटली तर तुझी नोकरी जाईल का? ती म्हणाली, बहुतेक नाही, पण माझ्या हातून फुटली हे राहील. ऋता शेजारी बसून ऐकत होती. तिनं डचमध्ये विचारलं की मग ती नळी नक्की कुणाची आहे, कंपनीची की विलेमिनआजीची.

दुसऱ्या दिवशी शलाका हेंकला म्हणाली, “ती नळी बाईंच्या मालकीची आहे. ज्यांच्यासाठी वाचवायची त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. त्यांना सगळं समजावून सांगू आणि त्यांनाच ठरवू देऊ.”

हेंकनं खिडकीबाहेर रुळांकडे पाहिलं. मग म्हणाला की बाईंनी लेखी दिलं तर एकदा, फक्त एकदाच, सगळ्यात हलकी सुई लावू. आणि सुई त्यानं नाही, तिनं टेकवायची.

एप्रिलच्या एका शुक्रवारी अभिरामनं गाडीनं बाईंना आणलं. त्यांनी निळा कोट घातला होता आणि केस नीट बसवले होते. शलाकानं त्यांना पुन्हा सांगितलं, तुटू शकते, काहीच ऐकू येणार नाही असंही होऊ शकतं. बाईंनी कागदावर सही केली. हेडफोन उजव्या कानावर नीट बसवून घेतला.

नळी यंत्रावर चढली. फिरू लागली. शलाकानं सुई टेकवली.

आधी नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. त्यात एक लय, नळीच्या प्रत्येक फेऱ्याला चिरेचा एक टक्. मग खूप दूरवरून, चिरका, पोराटोरासारखा आवाज. माणूस ओरडून बोलत होता, त्या काळी भोंग्यात तोंड घालून तसंच बोलावं लागे. शलाकाला एकेक शब्द डच वाटत होता पण लागत नव्हता; ते झेलंडच्या खेड्यातलं बोलणं होतं. बाईंचा चेहरा स्थिर होता. दीड मिनिट गेलं. टक् मोठा होत गेला. शलाकानं हात सुईच्या दांडीवर नेला, तेवढ्यात कडेचा एक तुकडा सुटला आणि सुई उडाली. तिनं दांडी उचलली. यंत्र थांबवलं. तुकड्याचा टेबलावर पडून चुरा झाला होता.

हेंक ब्रशनं चुरा एका कागदावर गोळा करू लागला. शेवटची वीस-पंचवीस सेकंदं त्यात होती, आणि ती आता कुठल्याही यंत्राला वाचता येणार नव्हती, हे दोघांनाही समजलं होतं. शलाकानं बाईंची माफी मागितली.

बाईंनी हेडफोन काढला नव्हता. त्या म्हणाल्या, “मुलाचा आवाज वाटतोय. लहान मुलाचा. फार भरभर फिरतंय.”

ते खरं होतं. मूळ यंत्र किती वेगानं फिरत होतं, ते नळीवर लिहिलेलं नसतं. शलाकानं टिपलेला आवाज संगणकावर घेतला आणि थोडा हळू केला. बाईंनी मान हलवली. आणखी थोडा. आणखी. आवाज खाली उतरत गेला, पोराचा तरुण झाला, तरुणाचा जरा भरदार. मग बाईंनी हात वर केला.

“थांब. हा.” त्या म्हणाल्या. “हे माझे वडील बोलताहेत.” आणि मग, “म्हणजे त्यांचे मामा. तोच घसा आहे. ‘आई’ म्हणताना असाच अडकायचा.”

शलाकानं सुरुवातीपासून लावलं. बाई ऐकत होत्या आणि एकेक वाक्य शलाकाला शहरी डचमध्ये सांगत होत्या. शलाका लिहून घेत होती. त्या दुपारी तिनं लिहिलं ते असं:

“आई, मी आड्रियान. मी जिवंत आहे. मास्तरांना सांग. खूण सांगतो. तांबड्या गाईचं शिंग मोडलं ते कुंपणात अडकून नाही, मी दगड मारला होता. तू ओळखलंस आणि बाबांना सांगितलं नाहीस. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आई, माझ्या उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे. करवतीनं नेली बोटं. इथं करवत वाफेवर चालते, पट्ट्यावर फिरते, माणसासाठी थांबत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही, ते चुकलं. पत्रं मीच सांगतो. ऑफिसातली एक मुलगी यंत्रावर उतरवते, आपला एकही शब्द घालत नाही. फुली मी डाव्या हातानं काढतो. सही जमत नाही अजून. मला काढून टाकलं नाही, आता दारावर माल तपासतो. एक यंत्र दिवसाला खुर्च्यांचे इतके पाय कापतं की आधी चार माणसांना आठवडा लागायचा, ती चार माणसं कुठं गेली ते ठाऊक नाही. इथून शिकागोला तार केली तर दोन तासांत उत्तर येतं. तुझं उत्तर यायला पाच आठवडे लागतात, आणि त्यात तू विचारतेस की मी कोण. आई, येत्या वसंतात मी—”

तिथं चीर होती.

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. शलाका पुन्हा म्हणाली की तिनं सुई क्षणभर आधी उचलायला हवी होती.

“तू उचलली असतीस तरी ते वाक्य मिळालं नसतंच,” बाई म्हणाल्या. “आणि त्या बिचाऱ्या आईला पहिलं वाक्यच हवं होतं.” मग त्या रडल्या, फार नाही. हेंकनं त्यांना पाणी आणून दिलं आणि, जे तो कधी करत नसे, खुर्ची ओढून शेजारी बसला.

परतताना घराजवळ आल्यावर बाईंनी विचारलं, त्याला आमचं उत्तर गेलंच नाही, नाही का? तो नंतर काय समजला असेल?

हा प्रश्न शलाकालाही सोडेना. तिनं बाईंनी जपलेल्या छापील पत्रांवरचा पत्ता घेऊन मिशिगनमधल्या त्या गावच्या इतिहास संग्रहाला ईमेल लिहिला. तीन आठवड्यांनी तिथल्या एका स्वयंसेवकानं उत्तर पाठवलं, सोबत तिथल्याच एका जुन्या डच भाषेतल्या वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं होतं. १९०३ची जाहिरात. झेलंडच्या विधवा पीटरनेला यांची खुशाली कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावी, मुलगा काळजीत आहे. स्वयंसेवकानं लिहिलं होतं की हीच जाहिरात तीन वर्षं, दर जानेवारीत आली आहे. आड्रियान १९३१ साली वारला. त्याची नात त्याच गावात राहते, डोरथी नावाची, ऐंशी वर्षांची. तिला विचारलं आहे, तिची बोलायची इच्छा आहे.

जाहिरातीचं विलेमिनबाईंना सांगणं शलाकाला जड गेलं. त्यांनी ते कात्रण दोनदा वाचलं. “आजीला एक पत्र टाकता आलं असतं,” त्या म्हणाल्या. आजीवर त्यांचा फार जीव होता. शलाकानं त्यांच्या तोंडून आजीबद्दल उणा शब्द ऐकला तो तेवढाच.

मेच्या एका रविवारी संध्याकाळी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शलाकानं व्हिडिओ कॉल लावला. डोरथीला डच येत नव्हतं, बाईंना इंग्रजी जेमतेम. मध्ये शलाका बसली. पहिली काही मिनिटं अवघड गेली. दोघी एकमेकींकडच्या हवामानाबद्दल बोलल्या. मग डोरथी म्हणाली की आजोबांना तिनं पाहिलं नव्हतं, पण ते डाव्या हातानं एका लांबलचक सालीत सफरचंद सोलायचे असं तिचे वडील सांगायचे. आईबद्दल ते कधी बोलत नसत. आपली आठवण घरी कुणी ठेवली नाही, अशी त्यांची समजूत होती.

शलाकानं हे डचमध्ये सांगितलं. बाईंनी टेबलाची कड धरली.

“तिला सांग,” त्या म्हणाल्या, “की त्यांच्या आईनं ती नळी चादरींमध्ये ठेवली होती. लग्नातल्या चादरींमध्ये. फेकली नाही.”

शलाकानं सांगितलं. डोरथीनं चष्मा काढून पुसला. मग बाईंनी विचारायला लावलं की १९००च्या वसंतात काय झालं होतं. त्यांना घरी यायचं होतं का, तिकीट काढलं होतं का? डोरथीला तिकिटाचं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की त्या वर्षी मे महिन्यात आजोबांचं लग्न झालं. आजी फॅक्टरीच्या ऑफिसात टाइपिस्ट होती.

शलाकानं हेही डचमध्ये सांगितलं. विलेमिनबाईंना हसू आलं आणि हसताहसताच त्या म्हणाल्या की होणाऱ्या सुनेची बातमी आहे असं कळलं असतं, तर आड्रियानची आई तेवढ्यासाठी तरी मिडलबर्गला गेली असती.

“मी त्यांचा आवाज ऐकू शकते का?” डोरथीनं विचारलं.

शलाकानं फाइल लावली. पलीकडे डोरथी मान थोडी वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होती. दोनेक मिनिटांनंतर आवाज थांबला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही. मग म्हणाली, “मला एकही शब्द कळला नाही. काय म्हणताहेत ते?”

विलेमिनबाईंनी खुर्ची पुढं ओढली. शलाकाच्या हातावर हात ठेवून, तिला सगळं नीट ऐकू यावं म्हणून सावकाश, त्या पहिल्यापासून सांगू लागल्या. एक वाक्य त्या बोलायच्या, तेच शलाका इंग्रजीतून पुढं द्यायची, आणि मिशिगनमध्ये डोरथी मान हलवायची.